विश्लेषण : सहा वर्षांखालील मुलांच्या शाळेवर लक्ष कुणाचे? ताराबाई मोडक यांच्या कार्यातून काय दिसते?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरमध्ये तीन वर्षांच्या मुलासाठी शाळा शोधायला निघालेल्या पालकांसमोर साधारणपणे चार पर्याय असतात. वस्तीतली अंगणवाडी, महापालिकेच्या शाळेतली बालवाडी, मोठ्या खासगी शाळेला जोडलेले शिशुवर्ग आणि सोसायटीच्या तळमजल्यावर चालणारा प्लेग्रुप. चारही ठिकाणी जाणारे मूल एकाच वयाचे असते. मात्र अंगणवाडीवर एका खात्याची देखरेख, बालवाडीवर महापालिकेची, शाळेवर दुसऱ्या खात्याची आणि प्लेग्रुपवर दीर्घकाळ कुणाचीच नाही, अशी ही रचना आहे. २०२५ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना ऑनलाइन नोंदणी करण्यास सांगितले, तेव्हा अशी केंद्रे नेमकी किती आणि कुठे आहेत, याची एकत्रित नोंद करण्यापासून सुरुवात करावी लागली. ‘बालवाडी’ आणि ‘अंगणवाडी’ हे शब्द ज्यांच्या कामातून रूढ झाले, त्या ताराबाई मोडक यांनी या प्रश्नावर सुमारे ५० वर्षे काम केले होते. त्यांच्या आयुष्याचा आणि त्यानंतरच्या सरकारी धोरणाचा हा आढावा.

कोण होत्या ताराबाई मोडक?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्या माहेरच्या केळकर. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाच्या कामात होते. मुलींनी शिकावे, याविषयी त्या घरात वाद नव्हता. त्यामुळे मुलींच्या शाळा मोजक्याच असलेल्या त्या काळात ताराबाई महाविद्यालयात गेल्या आणि १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. १९१५ मध्ये अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार फार काळ टिकला नाही. १९२१ मध्ये दोघे विभक्त झाले आणि लहान मुलीची जबाबदारी ताराबाईंनी घेतली.

विभक्त झालेल्या, पदरी मूल असलेल्या स्त्रीला त्या काळात माहेरी परतणे हाच मार्ग समाजाला मान्य होता. ताराबाईंनी नोकरी धरली. राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या महिला अध्यापन विद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या. पगार, मान आणि स्थैर्य देणारी ही नोकरी त्यांनी थोड्याच काळात सोडली. याचे कारण राजकोटपासून फार लांब नसलेल्या भावनगरमध्ये होते.

भावनगरला असे काय होते?

भावनगरला नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये दक्षिणामूर्ती ही संस्था स्थापन केली होती. तेथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करताना त्यांच्या हाती इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांचे विचार आले आणि ते वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळले. मुलाला हाताने करू द्यावे, डोळ्यांनी पाहू द्यावे, स्वतःच्या गतीने शिकू द्यावे आणि भीती किंवा बक्षीस यांपैकी कशाचाही वापर करू नये, हे त्या बालमंदिराचे सूत्र होते. छडी लागे छमछम हीच शाळेची ओळख असलेल्या काळात हा बदल मोठा होता.

ताराबाई १९२३ मध्ये भावनगरला गेल्या आणि पुढची काही वर्षे गिजुभाईंच्या सहकारी म्हणून राहिल्या. १९२६ मध्ये दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाचे ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक आधी गुजरातीत निघत असे. पुढे ताराबाईंनी ते मराठीत आणले आणि त्याचे संपादन केले. पालक आणि शिक्षक यांच्याशी बालशिक्षणाबद्दल मराठीतून सातत्याने बोलणारे ते सुरुवातीच्या नियतकालिकांपैकी एक होते.

भावनगरच्या या वर्षांतली आणखी एक गोष्ट पुढील धोरणाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. बालमंदिराबरोबरच तेथे बालशिक्षकांचे अध्यापन मंदिरही चालत असे. लहान मुलांना शिकवणे हे कुणीही करण्यासारखे सोपे काम आहे, ही समजूत तेथे मान्य नव्हती. मोठ्या मुलांच्या शिक्षकापेक्षा लहान मुलांच्या शिक्षकाला अधिक तयारी लागते, या पायावर पुढे ताराबाईंचे सगळे काम उभे राहिले.

दादरचा शिशुविहार कुणासाठी होता?

१९३६ मध्ये ताराबाई मुंबईत परतल्या आणि दादरला शिशुविहार सुरू झाला. दादर-माटुंगा हा त्या वेळी शहराचा नव्याने वसलेला उत्तर भाग होता. नोकरदार, शिक्षित मराठी कुटुंबे तेथे राहायला येत होती. माँटेसरी पद्धत तोवर प्रामुख्याने इंग्रजी शाळांतून आणि संपन्न घरांतून माहीत होती. शिशुविहाराने ती मराठीतून, मध्यमवर्गीय मुलांपर्यंत आणली. गाणी, गोष्टी, बडबडगीते, रांगोळी, धान्य निवडणे, फुले गुंफणे अशा घरात दिसणाऱ्या गोष्टींना शिक्षणात जागा मिळाली. शिक्षिकांच्या प्रशिक्षणाची व्यवस्थाही सोबत होतीच.

१९३९ मध्ये गिजुभाईंचे निधन झाले. त्याच वर्षी डॉ. माँटेसरी भारतात आल्या आणि दुसऱ्या महायुद्धामुळे काही वर्षे येथेच राहिल्या. त्यांच्या प्रशिक्षण वर्गांमुळे देशभरात माँटेसरी शाळांची चर्चा वाढली. पण एक अडचण कायम होती. माँटेसरी साधनांचा लाकडी संच महाग होता. शाळेसाठी प्रशस्त खोल्या लागत आणि फी परवडणाऱ्या पालकांचीच मुले तेथे येत. महात्मा गांधींनी १९३१ मध्ये लंडनमध्ये माँटेसरींच्या भेटीच्या वेळी गरीब मुलांपर्यंत हे शिक्षण पोहोचण्याची अपेक्षा व्यक्त केली होती. मुंबईत यशस्वी शाळा चालवणाऱ्या ताराबाईंसमोरही तोच प्रश्न होता.

वयाच्या ५३ व्या वर्षी त्या बोर्डीला का गेल्या?

१९४४-४५ हे बालशिक्षणाच्या धोरणाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष आहे. ब्रिटिश सरकारच्या सार्जंट अहवालाने १९४४ मध्ये तीन ते सहा वयोगटातील मुलांसाठी सुरुवातीला दहा लाख जागांची शिफारस केली. सरकारी आराखड्यात पूर्वप्राथमिक शिक्षणाला इतके ठळक स्थान प्रथमच मिळाले. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामला झालेल्या परिषदेत नई तालीमचा विस्तार जन्मापासून मृत्यूपर्यंत करण्याचे ठरले आणि त्यात पूर्वबुनियादी शिक्षण आले. सार्जंट अहवालाने संख्या मांडली आणि सेवाग्रामने दिशा दाखवली. गरीब खेड्यात ही शाळा रोज चालवायची कशी, त्याचा नमुना मात्र उभा राहायचा होता.

तो उभा करण्यासाठी ताराबाईंनी दादर सोडून बोर्डी गाठले. बोरिवलीहून पश्चिम रेल्वेने उत्तरेला निघाले की विरार, पालघर, डहाणू मागे टाकल्यावर घोलवड स्थानक येते. बोर्डी त्याच्या शेजारचे समुद्रकाठचे गाव. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहे. १९४५ मध्ये तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. डहाणू-उंबरगाव भागात गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासींचा वेठबिगारीविरुद्धचा लढा सुरू होता, तेच हे वर्ष.

याच वर्षी ताराबाईंना अनुताई वाघ यांची साथ मिळाली. अनुताईंचा जन्म १९१० मध्ये पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. त्या बालविधवा होत्या आणि जिद्दीने शिकून शिक्षिका झाल्या होत्या. बोरिवलीत भरलेल्या ग्रामसेविकांच्या शिबिरातून त्या या कामाकडे आल्या आणि आयुष्यभर तेथेच राहिल्या. ताराबाईंनी कल्पना मांडायची, ती दोघींनी करून पाहायची आणि न जमल्यास बदलायची, अशा पद्धतीने पुढची २८ वर्षे हे काम चालले.

अंगणवाडी ही कल्पना नेमकी कशी तयार झाली?

बोर्डीत केंद्र सुरू झाले तेव्हा गावातली बरी परिस्थिती असलेल्या घरांची मुले आली. गरीब वस्तीतली मुले आली नाहीत. आई-वडील पहाटेच मजुरीला जात. मोठे मूल धाकट्याला सांभाळी. मुलांना अंघोळ घालून, कपडे करून शाळेत आणून सोडणारे घरात कुणी नसे. मूल शाळेत येत नसेल, तर शाळा मुलाकडे न्यावी, हा निर्णय त्यातून झाला.

त्यातून बालवाडीचे दोन प्रकार ठरले. एक मध्यवर्ती बालवाडी, जी ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी चाले. दुसरी अंगणवाडी, जी वस्तीतल्याच एखाद्या घराच्या अंगणात भरे. शिक्षिका सकाळी वस्तीत जात, मुलांना गोळा करत, तोंड-हात-पाय धुवून देत, नखे कापत, केस विंचरत आणि मग गाणी, खेळ, गोष्टी सुरू होत. सांभाळायला सोबत आणलेले धाकटे भावंडही तेथेच बसे. आया आणि आज्या कामे करता करता पाहत असत. त्यामुळे मुलांची स्वच्छता, आहार आणि त्यांच्याशी बोलण्याची रीत हे सगळे घरातही पोहोचत असे.

साधनांचा प्रश्नही असाच सुटला. महागड्या लाकडी संचाऐवजी शंख-शिंपले, खडे, चिंचोके, पाने, काड्या, माती वापरली गेली. लहान-मोठे, हलके-जड, खरखरीत-गुळगुळीत यांची ओळख करून देण्याचा माँटेसरींचा हेतू त्यातून साधत होता. गाव बदलले की साधने बदलत, पण मुलाने स्वतः हाताळून शिकावे हा नियम बदलत नसे. माँटेसरी पद्धतीचे हे देशी रूप ताराबाईंचे महत्त्वाचे शैक्षणिक योगदान मानले जाते.

कोसबाडच्या टेकडीवर काय बदलले?

१९५७ मध्ये हे काम बोर्डीजवळच्या कोसबाड टेकडीवर गेले. बोर्डीची अंगणवाडी वस्तीत पोहोचली होती, तरी वारली पाड्यांवरची परिस्थिती आणखी वेगळी होती. घरे विखुरलेली, बोली वेगळी आणि शाळा ही बाहेरच्या माणसांची गोष्ट, अशी भावना. पाड्यावरची मुले पाच-सहा वर्षांची झाली की गुरे राखायला जात.

यावर कोसबाडला कुरणशाळेचा प्रयोग झाला. मुले जेथे गुरे चारत, तेथेच शिक्षक जात. गुरे चरत असताना झाडाखाली शाळा भरे. दिवसभर कामावर जाणाऱ्या मुलांसाठी रात्रीचे वर्ग होते. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा चालवणारी विकासवाडीही उभी राहिली. धाकटे भावंड पाळणाघरात राहिले की मोठी बहीण शाळेत बसू शकते, हे त्यामागचे साधे गणित होते. मूल तीन वर्षांचे असताना सुरू झालेले शिक्षण पहिलीत गेल्यावर तुटू नये, हा दुसरा हेतू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयोगटाला एकच पायाभूत टप्पा मानले आहे. बालवाडी आणि पहिली-दुसरी यांना जोडण्याचा प्रयोग त्याआधी सहा दशके कोसबाडला झाला होता.

स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात ताराबाई मुंबई प्रांताच्या विधिमंडळाच्या सदस्यही होत्या. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषणने गौरवण्यात आले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अनुताई वाघ यांनी १९९२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत कोसबाडचे काम पुढे नेले.

सरकारने यातून काय घेतले?

स्वातंत्र्यानंतर पहिली काही वर्षे सरकारने बालवाड्या स्वतः चालवण्यापेक्षा संस्थांना अनुदान देण्याचा मार्ग धरला. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळामार्फत ग्रामीण भागात बालवाड्यांना मदत मिळू लागली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने पूर्वप्राथमिक शिक्षणाचे महत्त्व मान्य केले. तरी हे क्षेत्र मुख्यतः खासगी आणि स्वयंसेवी प्रयत्नांवरच राहिले.

मोठा बदल ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्राचे नाव ठरले अंगणवाडी. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांना आरोग्य व आहार शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा तिच्याकडे आल्या. ही योजना जगातील सर्वात मोठ्या बालविकास योजनांपैकी एक आहे. महाराष्ट्रात आज सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत.

वस्तीतच केंद्र, वस्तीतलीच सेविका आणि आईपर्यंत पोहोचणे, या गोष्टी योजनेत आल्या. शिक्षणाचे स्थान मात्र सहा सेवांपैकी एक इतकेच राहिले. कुपोषण आणि बालमृत्यू हे तातडीचे प्रश्न होते, त्यामुळे आहार आणि वजन यांना प्राधान्य मिळणे समजण्यासारखे होते. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे आणि शाळा शिक्षण खात्याकडे, अशी विभागणी झाली. अंगणवाडी सेविकेला पगाराऐवजी मानधन मिळते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तेव्हा योजना सुरू होऊन ४६ वर्षे झाली होती. लहान मुलांच्या शिक्षकाला अधिक तयारी लागते, हा ताराबाईंच्या कामाचा पाया होता. योजनेतील सेविकेच्या वाट्याला सर्वाधिक कामे आणि सर्वात कमी मोबदला आला.

कायद्याचे संरक्षण सहाव्या वर्षापासूनच का?

राज्यघटनेच्या मूळ अनुच्छेद ४५ मध्ये १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील, असे मार्गदर्शक तत्त्व होते. त्यात वयाची खालची मर्यादा नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते १४ वयोगटासाठी शिक्षण हा अनुच्छेद २१-क नुसार मूलभूत हक्क झाला. सहा वर्षांखालील मुलांसाठी संगोपन आणि शिक्षणाची तरतूद करण्याचा प्रयत्न करावा, एवढेच नव्या अनुच्छेद ४५ मध्ये उरले. सहाव्या वर्षापासून हक्क आणि त्याआधी प्रयत्न, अशी ही रेषा आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तीच रेषा पुढे नेली. पूर्वशालेय शिक्षणासाठी सरकार आवश्यक व्यवस्था करू शकेल, असे कलम ११ सांगते. ती करणे बंधनकारक नाही. शाळेची मान्यता, शिक्षकांची पात्रता, प्रवेशासाठी चाळणी परीक्षेला बंदी, शारीरिक शिक्षेला बंदी, या सर्व तरतुदी सहा ते १४ वयोगटातील मुलांच्या शाळेसाठी आहेत. सहा वर्षांखालील मुलांना बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक (पॉक्सो) कायदा आणि बालन्याय कायदा यांचे संरक्षण अर्थातच आहे. पण हे कायदे गुन्हा घडल्यानंतर कामी येतात. तो घडू नये म्हणून रोजची देखरेख ठेवणारी यंत्रणा वेगळी लागते.

या उणिवेकडे लक्ष वेधले गेले नव्हते, असे नाही. १९९३ मध्ये प्रा. यशपाल समितीने नर्सरी शाळांच्या नियमनासाठी कायदा करावा आणि इतक्या लहान मुलांच्या प्रवेश परीक्षा व मुलाखती थांबवाव्यात, असे सुचवले. महाराष्ट्रात प्रा. राम जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पूर्वप्राथमिक शिक्षणाचा अभ्यास केला आणि १९९६ मध्ये पूर्वप्राथमिक प्रवेशांच्या नियमनासाठी राज्याने कायदाही केला. तरी केंद्र सुरू करण्याची परवानगी, शिक्षिकेची पात्रता, जागेचे निकष आणि नियमित तपासणी यांची घडी बसली नाही. २०१३ चे केंद्राचे बालसंगोपन व शिक्षण धोरण आणि २०२० चे शैक्षणिक धोरण यांनी दिशा दिली, पण धोरण मोडल्याबद्दल कुणावर कारवाई होत नाही.

उपनगरांत आज काय स्थिती आहे?

मुंबई उपनगर जिल्ह्यात या विभागणीचे परिणाम एकाच रस्त्यावर दिसतात. घाटकोपरच्या डोंगरावरील वस्त्यांत किंवा अंधेरीच्या झोपडपट्ट्यांत अंगणवाडी बहुधा भाड्याच्या छोट्या खोलीत चालते. गावाकडच्या अंगणवाडीला निदान नावातले अंगण मिळू शकते. येथे दाराबाहेर अरुंद गल्ली असते. खोलीत आहार, वजनकाटा, नोंदवह्या आणि मुले यांना एकत्र सामावून घ्यावे लागते. पण देखरेखीची साखळी येथे स्पष्ट आहे. सेविका, तिच्यावर मुख्यसेविका, तिच्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी. हजेरी, आहार आणि वजन यांची नोंद आता मोबाइलवरील पोषण ट्रॅकरमध्ये होते. मूल गोष्ट ऐकून काय बोलले, याची नोंद वजनासारखी आकड्यात करता येत नाही आणि तपासणीत ती मागे पडते. राज्यातील अंगणवाड्यांसाठी पूर्वशालेय अभ्यासक्रम आहे. तो राबवायला सेविकेला किती वेळ उरतो, हा खरा प्रश्न आहे.

महापालिकेच्या बालवाड्या संस्थांच्या मदतीने चालतात. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ने झोपडपट्ट्यांत घरे, देवळे, कार्यालये अशा मिळेल त्या जागेत बालवाड्या भरवल्या. शाळा मुलाकडे नेण्याचा बोर्डीचा मार्ग शहरातही चालतो, हे त्यातून दिसले.

बोरिवली, मुलुंड, अंधेरीतल्या इमारतींत चित्र उलटे आहे. जागा सुशोभित, फी भरपूर, पण देखरेख तुटपुंजी. पहिलीपासूनची शाळा मान्यतेशिवाय चालवता येत नाही. प्लेग्रुप किंवा नर्सरी मात्र गुमास्ता परवाना घेऊन दुकानासारखी सुरू करता येत असे. नामांकित साखळीची फ्रँचायझी घेतली की नाव आणि रंगसंगती मिळते. शिक्षिकेला प्रशिक्षण आहे का, एका शिक्षिकेमागे मुले किती, वर्गात काय चालते, हे पाहण्याचा अधिकार नक्की कुणाचा, याचे थेट उत्तर पालकांना मिळत नव्हते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत शिशुवर्गातील दोन मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघड झाल्यावर या वयाच्या मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न राज्यभर गाजला. शाळांत सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची पडताळणी यांवर सरकारने भर दिला. २०२५ मधील नोंदणीचे पाऊल महत्त्वाचे आहे, कारण खासगी केंद्रांची माहिती शिक्षण खात्याकडे येऊ लागली. पण नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे आणि तपासणीही नव्हे. केंद्राने स्वतःहून भरलेली माहिती खरी आहे का, हे कुणीतरी जाऊन पाहिले तरच नोंदणीला अर्थ येतो.

ताराबाईंच्या कामातून देखरेखीचे कोणते निकष मिळतात?

बोर्डी आणि कोसबाडला निरीक्षक नव्हते. तेथील कामाचा दर्जा तीन गोष्टींवर टिकला. पहिली, प्रशिक्षित शिक्षिका. भावनगर, दादर आणि बोर्डी या तिन्ही ठिकाणी मुलांच्या वर्गाबरोबरच शिक्षक घडवण्याची व्यवस्था होती. आजच्या नियमनातही इमारतीआधी हा मुद्दा यायला हवा. दुसरी, उघडेपणा. अंगणात भरणारी शाळा सगळ्या वस्तीला दिसत असे. मुलाशी कोण कसे बोलते, हे आईला आणि शेजारणीला कळत असे. बंद दाराच्या प्लेग्रुपमध्ये सीसीटीव्ही हा त्याचा अपुरा पर्याय आहे. पालकांना कोणत्याही दिवशी वर्ग पाहता येणे अधिक उपयोगी ठरू शकते. तिसरी, न आलेल्या मुलाची चौकशी. कोण आले याच्या हजेरीबरोबर कोण आले नाही आणि का, हे तेथे पाहिले जाई. अंगणवाडी आणि कुरणशाळा दोन्ही त्या चौकशीतूनच जन्मल्या.

पालकांनी काय पाहावे?

राज्यात नर्सरी प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षे आणि पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण असणे अपेक्षित आहे. त्याआधी मुलाला दामटणाऱ्या केंद्रापासून सावध राहावे. केंद्राने सरकारी संकेतस्थळावर नोंदणी केली आहे का, हे विचारावे. शिक्षिकेच्या प्रशिक्षणाचे नाव आणि कालावधी विचारावा. मुलाची मुलाखत किंवा चाचणी घेतली जाते का, तीन-चार वर्षांच्या मुलाला गृहपाठ दिला जातो का, हे पाहावे. माती, पाणी, धान्य, ठोकळे अशा वस्तू मुलांच्या हातात रोज येतात की कपाटात मांडून ठेवलेल्या असतात, हे वर्गात डोकावल्यावर लगेच कळते. वर्ग पाहू न देणाऱ्या केंद्राला त्याचे कारण विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

वस्तीतील पालकांनी अंगणवाडीकडे आहाराबरोबर शिक्षणही मागायला हवे. पूर्वशालेय शिक्षण ही योजनेतील सहा सेवांपैकी एक आहे, ती सेविकेच्या मर्जीवर सोडलेली जादा गोष्ट नाही. ती मिळत नसेल, तर मुख्यसेविका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी यांच्याकडे तक्रार करता येते. खासगी केंद्रांबाबत अशीच ठरलेली तक्रारीची जागा, निश्चित निकष आणि प्रत्यक्ष तपासणी कायद्याने मिळेपर्यंत २०२५ ची नोंदणी ही पहिली पायरीच राहील.